वाचणाऱ्याची चोपडी



वैशाखातल्या संध्याकाळी मैदानावर पाण्याचा सडा घालावयाचा आणि तापलेल्या जमिनीच्या वाफा अंगावर घेत माणसांनी व्याख्यान ऐकावयास बसावयाचे, या गोष्टीचे आम्हाला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा तेथील वसंत निदान वसंतासारखा असेल. आमच्या वर्ध्याकडे दुपारी पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि कूलरपुढून उठावयाचे म्हणजे एक पराक्रमच असतो. तो पराक्रम करून आपण आला आहात. तेव्हा आडवळणे न घेता बोलावे, हे बरे.

चालकांनी आम्हाला विषय दिला तो 'वाचनाचा आनंद' हा. पस्तीस वर्षे मराठी शिकविलेल्या माणसास या विषयावर बोलता यावयाचेच, अशी त्यांची समजूत असावी. समजूत साहजिक आहे, पण खरी नाही. आमच्या आयुष्यातील चांगली तीस वर्षे अशी गेली की, त्या काळात आम्ही पुष्कळ वाचले आणि त्यातील क्वचितच एखाद्या पुस्तकाने आम्हास आनंद दिला. तो आनंद हरवला कसा, आणि उतारवयात, तोही अर्धामुर्धा, परत मिळाला कसा, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यात एका जुन्या चोपडीचा संबंध येतो. तिच्याविषयी बोलण्यासाठीच आम्ही हा विषय पत्करला, असे म्हटले तरी चालेल.

आम्ही मूळचे आर्वीचे. लहानपणी भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटात कादंबरी दडवून वाचणाऱ्या मुलांपैकी आम्ही एक होतो. वडील पुलगावच्या एका जिनात मुनीम होते. शनिवारी पुलगाव-आर्वी या अरुंद मापाच्या आगगाडीने घरी यावयाचे आणि सोमवारी पहाटे परत जावयाचे, असा त्यांचा क्रम. ती गाडी पुढे बंद पडली. ती इतकी सावकाश चाले की, उतरून कणसे मोडावीत आणि पुन्हा चढावे, असे लोक थट्टेने म्हणत. शनिवारी रात्री आमच्या भूगोलाच्या पुस्तकातून बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड बाहेर पडला की वडिलांचा आवाज चढे. ''अभ्यासाचं वाच बे. कादंबऱ्यानं का पोट भरते?'' हे वाक्य आमच्या कानांत इतके बसले की, पुढे शाळेत आम्हीही तेच वाक्य शुद्ध मराठीत मुलांना ऐकवू लागलो.

मराठीचा शिक्षक झालो तो वाचनाच्या वेडापायी. पहिल्या वर्षी धडा शिकविताना स्वतःचाच आवाज दाटून येई. पण परीक्षा म्हणून एक गोष्ट असते, आणि तिचे पोट मोठे असते. हळूहळू आमच्या डोळ्यांना एक निराळीच सवय लागली. चांगला परिच्छेद दिसला की त्याखाली पाच गुणांचा प्रश्न दिसू लागे. एखादे पात्र हृदय पिळवटून बोलू लागले की 'हे वाक्य कोणी कोणास व केव्हा म्हटले?' असे मनात उमटे. कवितेत चंद्र आला की अलंकार कोणता, याचा शोध आधी सुरू होई आणि चंद्र तसाच मावळून जाई. लग्नाची पत्रिका हाती आली तरी वधूवरांची नावे पाहण्यापूर्वी आम्ही तिच्यातील ऱ्हस्वदीर्घ पाहत असू. हसू नका, या सभेत आणखीही काही शिक्षक बसलेले आम्हाला येथून दिसत आहेत.

यात दोष कोणा एकाचा नाही. पोटासाठी जो जे काम करतो, त्याची त्या कामाशी मैत्री राहणे कठीण जाते. हलवायाला जिलेबी आवडत नाही म्हणतात. पण हलवायाला निदान ठाऊक असते की, आपल्याला आता जिलेबी आवडत नाही. आम्हाला ते ठाऊक नव्हते. आपण वाचनप्रिय आहो, या समजुतीत आम्ही सुखाने जगत होतो.

निवृत्त झालो तो २०१० साली. आता वाचावयाचे म्हणून कपाट लावून घेतले. दुपारी पुस्तक उघडावे, दहा-बारा पाने व्हावीत, आणि पुस्तक छातीवर पालथे पडावे. पुढे मोबाईल आला. मग तर पुस्तक पालथे पडण्याचीही वेळ येईना.

२०२३ साली वर्ध्याला शहाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. यापूर्वी १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली येथे संमेलन झाले होते, त्याला चोपन्न वर्षे लोटली होती. सारा गाव लोटला, तसे आम्हीही गेलो. बरोबर नागपूरहून आलेली अकरा वर्षांची नात होती. ग्रंथप्रदर्शनातील एका गाळ्यासमोर उभी राहून ती म्हणाली, ''आबा, तुम्हाला आवडलेलं एक पुस्तक सांगा, मी तेच घेते.'' आम्ही एक नामांकित नाव सांगितले. तिने विचारले, ''त्यात काय आवडलं?'' आम्ही लेखकाची भाषाशैली, व्यक्तिचित्रण आणि सामाजिक आशय यांविषयी बोलू लागलो. पोरीने थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, ''हे शाळेतलं झालं आबा. खरं सांगा ना.''

खरे सांगावयास आमच्याजवळ काही नव्हते. इतक्या गर्दीत कोणाचे लक्ष नव्हते, पण मान खाली गेली. तिने शेवटी स्वतःच्या मनाने एक भुताचे पुस्तक घेतले आणि घरी पोचण्यापूर्वी गाडीतच अर्धे वाचून काढले. आम्ही नऊ पुस्तके घेतली. ती त्या वर्षीच्या मृगापर्यंत पिशवीतच होती.

त्याच उन्हाळ्यात आर्वीच्या घराला चुना द्यावयाचा म्हणून धाकट्या भावाने माळ्यावरचे सामान खाली काढले. त्यात वडिलांची एक लाल कापडी बांधणीची चोपडी निघाली. जिनाचा जुना हिशेब असेल म्हणून भाऊ ती रद्दीत टाकणार होता. उघडून पाहिले तो आत हिशेब होता खरा, पण कापसाचा नव्हता.

वडिलांनी १९४९ पासून १९७४ पर्यंत वाचलेल्या पुस्तकांची ती नोंद होती. मुनीमच ते. पानाच्या मधोमध उभी रेघ मारून डावीकडे 'जमा' आणि उजवीकडे 'नावे' लिहिलेले. जमेच्या बाजूस तारीख, पुस्तकाचे नाव आणि ते कोणाकडून आणले ते. नावे बाजूस एखादी ओळ, कधी दोन. आम्हाला हिशेबातले कळत नाही. पण पुस्तकाकडून आले ते जमेस धरावयाचे आणि त्यापायी आपले जे गेले ते नावे टाकावयाचे, असा त्यांचा विचार असावा.

आणि गेले काय काय होते! जमेस बाबूराव अर्नाळकर. होय, तोच काळापहाड, ज्याच्यासाठी आम्ही बोलणी खाल्ली. नावे बाजूस: 'रात्रीचे दोन वाजले. सकाळी बेरजेत सव्वा रुपयाची चूक.' जमेस हरिभाऊ आपट्यांचे 'पण लक्षांत कोण घेतो'; नावे: 'यमूचे वाचवेना. तीन दिवस मिटून ठेवले. मग घरी पत्र लिहिले.' या पत्रात काय लिहिले असेल, ते विचारावयास आता आई नाही. जमेस खांडेकरांची 'ययाति'. नावे: 'अर्धी झाली असता दुसऱ्याने मागून नेली. पंधरा दिवस त्याचे तोंड पाहिले नाही.' एका जाडजूड तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापुढे फक्त 'दोनदा प्रयत्न केला' एवढेच आहे, आणि त्या शब्दांत कोठेही लाज नाही. एके ठिकाणी पुस्तकाचे नावच नाही: 'गाडीत एका प्रवाशाचे पुस्तक विरुळपर्यंत वाचले. तो उतरला. नाव पाहावयाचे राहिले. राजा वाचला असावा.'

श्रोतेहो, आम्ही ज्या माणसाला ओळखत होतो तो हा नव्हता. आमच्या वडिलांना हसताना पाहिल्याचे आम्हाला फारसे आठवत नाही. कोटाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर आठी, आणि तोंडी 'कादंबऱ्यानं का पोट भरते?' त्या माणसाला एका न पाहिलेल्या राजाची काळजी लागून राहिली होती.

१९६१ च्या पानावर एक जागा आहे. त्या वर्षी आमची धाकटी बहीण तापाने गेली. तिच्याविषयी चोपडीत शब्द नाही. नोंदी थांबतात. पाऊण पान कोरे आहे, आणि त्यांच्यासारख्या काटकसरी माणसाने पाऊण पान कोरे सोडावे, हेच पुष्कळ आहे. मग चार महिन्यांनी जमेस नाथमाधवांचा 'वीरधवल', आणि पुढे कंसात 'पुन्हा'. नावे बाजूस एकच शब्द: 'बरे.'

हा शब्द आम्ही फार वेळा वाचला. एरवी आम्ही वर्गात सांगितले असते की, दुःखाच्या प्रसंगी वाङ्मय मनास उन्नत करते वगैरे. वडिलांनी उन्नत होण्यासाठी काही हाती घेतले नव्हते. राजपुत्र, कपटी सरदार, तळघरे, भुयारे असलेली एक अद्भुत कादंबरी, ती पूर्वी वाचलेली असल्यामुळे शेवटी काय होते तेही ठाऊक, अशी त्यांनी हाती घेतली. आणि चार महिन्यांनंतर त्या माणसाला थोडे बरे वाटले. ती कादंबरी श्रेष्ठ आहे की कनिष्ठ, हा प्रश्न त्या पानासमोर विचारावयाची आमची छाती नाही.

एवढे झाल्यावर आम्ही शोध करू लागलो की, अशी वही ठेवणारे आणखी कोण होते. शिक्षकाची खोड जात नाही. दोघांची नावे येथे सांगण्याजोगी आहेत. सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार मोंतेन याची स्मरणशक्ती, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, अगदी दुबळी होती. एकदा वाचलेले पुस्तक नवे समजून तो पुन्हा वाचावयास घेई. म्हणून त्याने पुस्तकाच्या शेवटी ते केव्हा संपविले आणि आपले मत काय झाले, ते लिहून ठेवण्याची तोड काढली. दुसरा डार्विन. त्याने १८३८ पासून १८६० पर्यंत वाचलेल्या आणि वाचावयाच्या पुस्तकांच्या याद्या वह्यांत नेमाने ठेवल्या. तरुणपणी सफरीवर असताना जहाज सोडून भटकंतीस निघाला आणि एकच पुस्तक नेता येण्याजोगे असले, तर तो मिल्टन नेत असे. तोच डार्विन १८७६ साली आत्मचरित्र लिहू लागला तेव्हा त्याला कबूल करावे लागले की, आता कविता वाचवत नाही आणि शेक्सपिअर तर असह्य होतो. मन हे केवळ नियम दळून काढणारे जाते झाले आहे, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. आयुष्य पुन्हा मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचण्याचा नेम ठेवीन, असेही तो म्हणतो. मात्र कादंबऱ्या त्याला अखेरपर्यंत आवडल्या. घरची माणसे त्याला त्या वाचून दाखवीत, आणि शेवट गोड नसलेल्या कादंबरीस कायद्याने बंदी असावी, असे त्याचे मत होते.

डार्विनचे आत्मचरित्र आम्ही पूर्वी वाचले होते, शिकविण्याच्या ओघात. ते कवितेचे वाक्य तेव्हा दिसले नव्हते. आता दिसले, कारण आता ते आमचे होते. आणि एक गोष्ट ध्यानात आली की, नुसती यादी ठेवल्याने माणूस वाचत नाही. डार्विनच्या याद्या शिस्तशीर होत्या. जमेची बाजू भरलेली होती. नावे बाजूस काय पडत गेले, याकडे लक्ष जावयास वृद्धपण यावे लागले.

आता वर्ध्यात व्याख्यान द्यावयाचे आणि गांधीजींचे नाव घ्यावयाचे नाही, हे होणे नाही. पण हे नाव आम्ही रीत म्हणून घेत नाही. १९२२ च्या मार्चमध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्याच्या तुरुंगात गेले. १९२४ च्या फेब्रुवारीत, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर, त्यांची सुटका झाली. त्या तुरुंगवासातील त्यांच्या रोजनिशा त्यांच्या समग्र वाङ्मयात छापल्या आहेत. त्या आम्ही मोठ्या अपेक्षेने उघडल्या, आणि निघाल्या काय, तर पुष्कळशी पुस्तकांची यादीच! अमुक सुरू केले, अमुक संपविले. दोन वर्षांत दीडशेच्या आसपास पुस्तके. त्यांत उपनिषदे आहेत, गिबनचा रोमन साम्राज्याचा अवाढव्य इतिहास आहे, आणि त्यांच्याच शेजारी किपलिंगच्या जंगलातील गोष्टी आणि ज्यूल व्हर्नची साहसकथाही आहे. महात्मा कोठडीत बसून ज्यूल व्हर्न वाचीत आहे, हे चित्र आम्हाला कोणी पूर्वी दाखविले नव्हते.

याहून मोठी गोष्ट महाभारताची. तुरुंगात त्यांनी गुजरातीतून संपूर्ण महाभारत वाचले. तोवर त्यांची समजूत अशी की, त्यात रक्तपात आणि झोप आणणारी लांबलचक वर्णने असावयाची. एवढाले खंड पाहून आधी भीतीच वाटली. पण एकदा आरंभ केल्यावर ते सोडवेनात, कधी संपवितो असे झाले, हे त्यांनीच सुटकेनंतर 'यंग इंडिया'त लिहिले आहे. आता, गांधीजींना करमणुकीसाठी वाचणाऱ्यांच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा हेतू नाही. सेवाग्रामची जुनी मंडळी या सभेत आहेत आणि आम्हाला घरी सुखरूप जावयाचे आहे. विद्यार्थीदशेत पाठ्यपुस्तकांबाहेर आपण जवळजवळ काही वाचले नाही आणि पुढे कामाच्या रगाड्यात सवड मिळाली नाही, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. मात्र त्याच आत्मकथेत १९०४ सालचा तो जोहान्सबर्ग ते दरबान हा चोवीस तासांचा प्रवास आहे. पोलाक यांनी स्टेशनावर रस्किनचे एक पुस्तक हाती दिले, ते खाली ठेववेना, आणि मुक्कामी पोचल्यावर रात्री झोप आली नाही. त्या पुस्तकाचा सार त्यांनी पुढे गुजरातीत लिहिला आणि त्यास 'सर्वोदय' हे नाव दिले. ज्या शब्दावर आपल्या या जिल्ह्यातील किती माणसांनी आयुष्य वाहिले, तो शब्द आगगाडीत जागून काढलेल्या वाचनातून आला आहे. आमचे वडील ऐकते तर म्हणाले असते, जमेस रस्किन, नावे सारा जन्म.

आता आमच्या वहीकडे येतो. येथे हसे व्हावयाचे आहे ते होऊन जाऊ द्या.

वडिलांची चोपडी वाचून भारावलो आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या बाजारातून दोनशे पानांची वही आणली. शिक्षकाने वही आणली की आधी काय करतो? रकाने आखतो. अनुक्रमांक, दिनांक, ग्रंथ, ग्रंथकार, प्रकाशक, पृष्ठसंख्या, वाङ्मयप्रकार, गुण दहापैकी, शेरा. वर्षाकाठी पन्नास पुस्तके वाचावयाची, असा संकल्पही पहिल्या पानावर लिहिला. श्रावणापर्यंत एकोणीस झाली. मग आम्ही स्वतःलाच एक चोरी करताना पकडले. कपाटापुढे उभे राहून आम्ही पुस्तके काढीत होतो ती जाडी पाहून. चौसष्ट पानांचे दिसले की हात पुढे जाई. एक चरित्र फार गोड लागत असूनही त्याची सहाशे पाने गणतीत एकच धरावी लागतील, म्हणून आम्ही ते बाजूला ठेवले होते. निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती आणि आम्ही स्वतःचीच हजेरी घेत होतो. त्या वहीची कोरी पाने पुढे दुधाच्या हिशेबास कामी आली.

वाचनाची वही ठेवावी, असे आता पुष्कळ जण सांगतात. कोणी आकडे सांगतात, कोणी आठवड्यास एक असे प्रमाण सांगतात. त्यांचे त्यांना लखलाभ असो. आम्हाला अनुभवाने असे वाटते की, आकडा वहीत शिरला की वाचणारा वहीतून बाहेर पडतो. आमच्या वडिलांच्या पंचवीस वर्षांच्या चोपडीत अनुक्रमांक नाही. मुनीम असून नाही! एकूण किती पुस्तके झाली, ते आम्ही मोजून पाहू शकलो असतो, मोजलेले नाही.

दुसरी वही आम्ही आणलीच नाही. वडिलांच्या चोपडीत १९७४ च्या वैशाखातील शेवटची नोंद आहे. मोतीबिंदू वाढला होता. जमेस पुस्तक नाही. नावे बाजूस मोठ्या, वाकड्या अक्षरांत: 'अक्षर लागत नाही. मोठ्या टायपाचे मिळाल्यास पाहावे.' त्यापुढची पाने कोरी होती. भावाला विचारले. तो म्हणाला, ''लिहा जी, बाबाले का राग येणार आहे?'' म्हणून तेथूनच पुढे लिहू लागलो. शाई मात्र वेगळी ठेवली.

नियम असा काही केला नाही, पण वाचले त्याच दिवशी लिहावयाचे, एवढे पाळतो. दुसऱ्या दिवशी लिहिले की त्यात शिक्षक बोलू लागतो. पुस्तक अर्धे सोडले तरी लिहावयाचे, आणि कोणत्या पानावर सोडले तेही. कोठे बसून वाचले, ते लिहिले तर पुस्तक पुढे चटकन आठवते; दवाखान्याच्या बाकावर वाचलेले आणि आंब्याखाली वाचलेले ही मनात निराळ्या जागी राहतात. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनक्रियेवर एक सबंध समास घातला आहे आणि त्यात पानाच्या सभोवती जागा मोकळी सोडण्यास सांगितले आहे. ती मोकळी जागा सुबकतेसाठी असावी, असे आम्ही मुलांना सांगत असू. आता कळते की तिचा आणखी एक उपयोग आहे. वर्षभराने तेच पुस्तक पुन्हा वाचले आणि मत फिरले, तर ते लिहावयास समास लागतो. आमच्या नोंदींच्या कडेला अशा बऱ्याच माघारी आहेत.

तरीही आनंद आला तो वहीमुळे आला, असे म्हणणे खोटे होईल. तो एका दुपारी चिं. वि. जोशी यांच्या 'चिमणरावाचे चऱ्हाट' या पुस्तकामुळे आला. बाहेर झळा, आत कूलरची घरघर, आणि आम्ही एकटेच मोठमोठ्याने हसत होतो. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आली. ''काय झालं जी? एकटेच काऊन हासून राह्यले?'' तिला वाटले, उन्हाने काही झाले. आम्ही तो भाग वाचून दाखवू लागलो आणि हसू आवरेना म्हणून नीट वाचताही येईना. तिने पुस्तक ओढून घेतले आणि स्वतः वाचू लागली.

येथे एक सांगितले पाहिजे. आमच्या लग्नाला तेव्हा शेहेचाळीस वर्षे झाली होती. ती सातवीपर्यंत शिकलेली. घरात कपाटभर पुस्तके असून त्यांतील एकही आम्ही तिला कधी वाचून दाखविले नव्हते. तिला वाचावयास आवडते का, हेही विचारले नव्हते. हजारो मुलांना वाचनाचे महत्त्व सांगून संध्याकाळी घरी येत होतो. ही गोष्ट नावे बाजूस टाकावयाची झाली, तर चोपडी पुरावयाची नाही.

त्या दिवशीची नोंद आमच्या अक्षरात नाही. जमेस तिने पुस्तकाचे नाव लिहिले आणि नावे बाजूस: 'भाजी करपली.'

तेव्हापासून चोपडीत तीन अक्षरे आहेत. जेवणानंतर तासभर एकाने वाचावयाचे, दुसऱ्याने ऐकावयाचे. तिची मते आमच्या मतांशी क्वचित जुळतात. एका प्रख्यात कादंबरीच्या नायकास तिने दोन शब्दांत निकालात काढले आहे. ते शब्द सभेत सांगण्याजोगे नाहीत, पण नायक त्याच लायकीचा आहे, हे आम्हाला पस्तीस वर्षे शिकवून दिसले नव्हते.

कोणी म्हणतील, हे सारे सवड आणि पुस्तके असणाऱ्यांचे चोचले आहेत. पुस्तकांच्या किमती आपण पाहताच. म्हणून सांगतो, आमच्या वडिलांच्या मालकीची पुस्तके मोजून आठ होती आणि त्यांतील तीन पोथ्या. बाकी सारे वाचनालयातले, नाहीतर मागून आणलेले. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यापूर्वीही आपल्या तालुक्यांच्या गावी एखाददुसऱ्या खोलीत, वर्गणीवर, वाचनालये चालत होती. दोन कपाटे, एक बाक आणि एक दिवा. पुस्तक आठवड्याने परत द्यावे लागे. ज्याला पुस्तक घरी ठेवता येत नाही त्याला ते वाचल्याची खूण तरी जवळ हवी असते. श्रीमंताचे कपाट असते, तशी मुनिमाची चोपडी. आता मागे वळून पाहता त्या आठ पुस्तकांच्या घरात आमच्या कपाटापेक्षा अधिक पुस्तके होती, असे वाटते.

नातीचा प्रश्न राहिला होता. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा आम्ही तिला चोपडी दाखविली. तिने काळापहाडाची नोंद वाचून विचारले, ''हे पुस्तक आहे का घरी?'' नव्हते. ते मिळवून द्यावयाचे कबूल केले आहे आणि नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोध चालू आहे. मिळाले की आधी आम्ही वाचणार, असे तिला बजावले आहे. साठ वर्षांपूर्वी शेवटची काही पाने राहिली होती. वडिलांनी पुस्तक ओढून घेतले होते. त्या रात्री दोन वाजेपर्यंत दिवा कोणाच्या खोलीत जळत होता, ते आता कळते.

चोपडीत अकरा पाने शिल्लक आहेत. पुढची रेघांची घ्यावयाची की कोरी, यावर आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.